आबांनी काय मागितलं

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एखाद्या दुपारी दाराची कडी हाताला चटका देते आणि मला कळतं, आला. भुसावळचा उन्हाळा आधी लोखंडात शिरतो. कडीत, नळात, जिन्याच्या कठड्यात, स्टेशनवरच्या बाकड्यांत. मग भिंतींत आणि मग माणसांत. दुपारी बारापासून पाचपर्यंत रस्ता मोकळा पडतो. गटारीच्या कडेला जिथे थोडी ओल असेल तिथे कुत्री पोट टेकून पडतात. सावद्याकडून येणारे लोक सांगतात, केळीची पानं कडेकडेने करपली, बागेभोवती हिरवी नेट बांधली तरी झळ आत घुसतेच.

उन्हाळा म्हटला की लोकांना आमरस आठवतो, गच्चीवरच्या कुरडया आठवतात. मलाही आठवतात, पण उशिरा. आधी येतो तो वास. कूलरच्या ओल्या गवताचा, फिनाईलचा, अंगाला लावायच्या पावडरीचा आणि त्या सगळ्याखाली, बिछान्याला खिळलेल्या माणसाच्या कातडीचा. तो एकाच उन्हाळ्याचा वास आहे. त्याला अकरा वर्षं होतील.

तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. जळगावच्या एका खासगी दवाखान्यात नर्स. सकाळच्या गाडीनं जायचं, संध्याकाळच्या गाडीनं यायचं. आई मी शिकत असतानाच गेली. थोरला भाऊ प्रकाश लग्नानंतर सुरतला स्थायिक झाला. घरात मी आणि आबा. आबा रेल्वेत पॉइंट्समन होते. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडून त्यांनी गावाबाहेर दोन खोल्यांचं घर बांधलं. मूळचे शिंदखेड्याकडचे, त्यामुळे घरात अहिराणी बोलायचे आणि चर्चमध्ये घडीच्या कपड्यांसारखी शुद्ध मराठी. चर्चच्या मंडळीचा कारभार बघणाऱ्या माणसांना आमच्याकडे 'वडील' म्हणतात. आबा तसे वडील होते. लहानपणी मला वाटायचं, माझे वडील सगळ्यांचेच वडील आहेत, म्हणूनच माझ्या वाट्याला कमी येतात.

'योजना' हा शब्द आमच्या मंडळीत मिठासारखा वापरतात. कुणाचं लग्न मोडलं, देवाची योजना. कुणाला नोकरी लागली, देवाची योजना. मीही तो शब्द सढळ हातानं वापरत होते. एकदा वॉर्डात एका बाईचं चार दिवसांचं बाळ गेलं. तिच्या खांद्यावर हात ठेवून मी म्हटलं होतं, "देवाची काहीतरी योजना असेल, ताई." तिनं माझा हात उचलून बाजूला ठेवला. झटकला नाही, नीट उचलून ठेवला. मला वाटलं, बिचारी दुःखात आहे.

त्या वर्षी माझीही एक योजना होती. मस्कतच्या एका दवाखान्यासाठी मी परीक्षा दिली, पास झाले, फेब्रुवारीत पत्र आलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात निघायचं होतं. फार मोठं काही मनात नव्हतं. समुद्र बघायचा होता. एक खोली हवी होती, जिचं दार मी आतून लावलं तर कुणी विचारणार नाही, एवढा वेळ काय करतेस. निळी बॅग आणून कपाटावर ठेवली होती. आंघोळीहून आलं की मी तिच्याकडे एकदा बघायचे.

रविवारी उपासनेत मी साक्ष दिली, की प्रभूनं माझ्यासाठी दार उघडलं. आबा माझ्या शेजारी उभे राहिले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मोठ्यानं प्रार्थना केली. "बापा, माझ्या लेकीचं जाणं-येणं तुझ्या हाती सोपवतो. आमच्या मनासारखं नको, तुझ्या मनासारखं होऊ दे." सगळी मंडळी आमेन म्हणाली. मीसुद्धा. मग उपासाचे चाळीस दिवस सुरू झाले. आबा दर वर्षीच उपास करायचे, त्या वर्षी जरा जास्तच कडक केला. संध्याकाळपर्यंत पाण्याशिवाय काही नाही. मी म्हटलं, "आबा, वय झालं आता." ते म्हणाले, "तुनाकरताच करस ना व माय." तुझ्यासाठीच करतो. मला भरून आलं होतं.

पुनरुत्थान रविवार, म्हणजे ईस्टर, झाला आणि मंगळवारी सकाळी आबा ओट्यावर दाढी करत असताना डाव्या हातातला आरसा सुटला. फुटल्याचा आवाज ऐकून मी बाहेर आले तर ते काचांकडे बघत होते, अर्ध्या गालाला साबण, आणि डावा ओठ खाली घसरलेला. मला बघताक्षणी कळलं. रिक्षा, दवाखाना, सलाईन, सगळं मी वेळेत केलं. डॉक्टर म्हणाले, सिस्टर, तुम्ही होतात म्हणून वाचले. डावी बाजू गेली. बोलणं जड झालं, पण राहिलं.

घरी आणल्यावर मंडळी भेटायला आली. पपई, बिस्किटं, नारळपाणी. प्रत्येकानं प्रार्थना केली. एक बाई माझा हात धरून म्हणाल्या, "बघ सुवार्ता, त्यानंच दार उघडलं होतं, त्यानंच लावलं. त्याला तू इथंच हवी आहेस." चर्चचे पाळकसाहेब आले. मी आमच्या रीतीप्रमाणे "सलाम" म्हणून खुर्ची दिली. ते म्हणाले, "आपण आखतो एक, तो घडवतो दुसरं. कुरकुर न करता हो म्हणायला शिकायचं." मी मान हलवली. ती खोटी नव्हती. मी खरोखर विश्वास ठेवत होते, फक्त त्या विश्वासाच्या एका कोपऱ्यात प्रकाशभाऊचा शब्द ठेवला होता. भाऊ म्हणाला होता, मे अखेर येतो आणि आबांना सुरतला घेऊन जातो. मस्कतवाल्यांनीही मला पंधरा दिवस वाढवून दिले होते.

मग मे. दर दोन तासांनी कूस बदलायची. पाठीला पावडर चोळायची, कंबरेखालची लाल झालेली जागा बघायची, फुटली नाही ना. चादर ओढायची, धुवायची, दोरीवर टाकायची. ती दहा मिनिटांत वाळायची. कूलरमध्ये बादल्या ओतायच्या. शेजारच्या कमलअक्का दुपारी तासभर आबांजवळ बसायच्या, तेवढ्यात मी आंघोळ उरकायची. अक्का बौद्ध, नवरा ऑर्डनन्स फॅक्टरीत होता, तो वारल्यावर एकट्याच राहायच्या. त्या प्रार्थना करायच्या नाहीत. ओलं फडकं आबांच्या कपाळावर ठेवायच्या आणि पेपर वाचून दाखवायच्या.

आबांचा उजवा हात शाबूत होता आणि त्या हातात सगळा संताप साठला होता. भाताचा घास माझ्या तोंडावर थुंकायचे. मग ताट फेकायचे. एकदा माझ्या कानशिलात दिली, अंगठी लागून रक्त आलं. मी आरशात बघून कापूस लावला आणि परत येऊन भात भरवला. आजारी माणूस मारतो हे आम्हाला शिकवलेलं असतं. आजारी बापानं मारलेलं कुठे ठेवायचं, हे कुणी शिकवत नाही.

मेच्या शेवटच्या आठवड्यात भाऊचा फोन आला.

"सुवा, घर तिसऱ्या मजल्यावर आहे गं. लिफ्ट नाही. त्यांना कसं चढवणार?"

"तू म्हणाला होतास भाऊ."

"म्हणालो होतो. पण विचार कर ना. मी नोकरीवर, हिला हे जमणार नाही. तू नर्स आहेस. देवानं तुला नर्स केलं ते ह्याच दिवसासाठी असेल."

मी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी आबांना दलिया भरवताना सांगितलं, "भाऊ येत नाहीये. मी मस्कतला कळवते, येणं होणार नाही म्हणून."

त्यांनी काहीतरी म्हणावं असं मला वाटत होतं. बेटा, तुझं नुकसान झालं, एवढंच. त्यांनी डोळे मिटले. मग जड जिभेनं, थांबत थांबत म्हणाले, "मीच मांगं व्हतं."

"काय मागितलं होतं, आबा?"

"तू जावाले नको, असं. चर्चमा बठ्ठासमोर येगळं बोलनू. घरमा येगळं." ते थांबले, लाळ गिळली. "चाळीस दिन मांगं. देवा, काहीबी कर, पन मनी पोरले थांबाड."

चमचा हातात धरून मी ते मनात जुळवलं: सगळ्यांसमोर एक मागणं, घरात दुसरं; काहीही कर, पण माझ्या पोरीला थांबव.

"देवनी मनं आयकं," आबा म्हणाले.

त्यांचा अर्धा चेहरा मेलेला होता. उरलेल्या अर्ध्यावर मी शरम शोधली. तिथं समाधान होतं. मोठ्या साहेबांकडे अर्ज टाकावा आणि तो मंजूर होऊन यावा तसं.

पुढचं मी अगदी शांतपणे केलं, म्हणूनच ते मला तपशीलवार आठवतं. त्यांचं तोंड पुसलं. केस विंचरले. ताट घासलं. उशी सरळ केली. पेला काठोकाठ भरला आणि स्टुलावर ठेवला. डाव्या बाजूला, मेलेल्या हाताकडे. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत राहिले, गडबडीत ठेवला गेला. मी नर्स आहे. अर्धांगाच्या रुग्णाचं पाणी कुठल्या बाजूला ठेवायचं, हे मी दवाखान्यातल्या नव्या पोरींना शिकवत होते. आमच्या भागात बारा वाजता लाईट जायची, तेही मला माहीत होतं. दाराला बाहेरून कुलूप लावलं आणि मी स्टेशनवर गेले.

पाय रोजच्या गाडीत चढले आणि जळगावला उतरले. मी रजेवर होते, दवाखान्यात जायचं नव्हतं. प्लॅटफॉर्मच्या टोकाला, जिथं छप्पर संपतं, तिथल्या बाकावर मी बसले. रुळांवरची हवा थरथरत होती. मुंबईकडची एक गाडी आली, थांबली, गेली. पायात चप्पल, अंगावर साधा ड्रेस, हातात पर्स. मी कुठेही जाऊ शकत नव्हते, तरी मला वाटत होतं की मी निघाले आहे.

मग मी प्रार्थना केली. लहानपणापासून हजार वेळा केली असेल, पण इतकी स्पष्ट कधी केली नाही. मी म्हटलं, देवा, तू त्यांचं ऐकलंस. आता माझं ऐक. मी घरी पोचेन तेव्हा ते गेलेले असू देत.

आमेनसुद्धा म्हटलं.

परतीची गाडी धरून घराच्या गल्लीत शिरले तेव्हा तीन वाजून गेले होते. दारात कमलअक्का उभ्या होत्या, भर उन्हात, डोक्यावर पदर, हातात वरवंटा. कुलपाची कडी वाकलेली होती.

"कुठे गेली होती व?"

"औषध आणायला."

अक्कांनी माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं. "उघड," म्हणाल्या.

आबा फरशीवर होते. पाण्यासाठी उजवा हात अंगावरून पलीकडे टाकताना पलंगावरून खाली आले होते. पेला लवंडला होता. सांडलेलं पाणी केव्हाच सुकलं होतं आणि त्यांचा गाल त्या जागेवर होता, जीभ किंचित बाहेर. पायजमा भरलेला. पण छाती हलत होती. त्यांच्या उजव्या मुठीत एक टॉवेल होता, आणि ते त्याचं टोक चोखत होते. तो आमचा नव्हता.

अक्कांनी अर्ध्या तासापूर्वी ओरडणं ऐकलं होतं. दाराला कुलूप बघून त्यांनी आपला टॉवेल बादलीत बुडवला आणि खिडकीच्या गजांतून आत फेकला. दोन वेळा तो लांब पडला, दोन वेळा गजात काठी घालून ओढला, तिसऱ्यांदा हाताशी पडला. मग त्या वरवंटा आणायला गेल्या.

आम्ही दोघींनी त्यांना उचललं. मी मीठ-साखरेचं पाणी चमच्या-चमच्यानं दिलं, काखेत ओली फडकी ठेवली. माझे हात आपोआप काम करत होते. आबा माझ्याकडे बघत होते. त्या नजरेत आता समाधान नव्हतं. मला वाटतं, त्यांना स्टुलाची बाजू कळली होती.

जाताना अक्का उंबऱ्यात थांबल्या. "तुमचा देव काय म्हणतो, काय करतो, मला नाही समजत," त्या म्हणाल्या. "माणूस तहानेनं ओरडत होता, तेवढं मला ऐकू आलं." पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी नेहमीसारख्या पेपर घेऊन आल्या.

जूनमध्ये, माझं विमान ज्या दिवशी जाणार होतं त्याच्या आसपास, मी आबांचा ड्रॉवर आवरला. मागे, जुन्या पासांखाली, बीपीच्या गोळ्यांच्या पट्ट्या होत्या. न फोडलेल्या. चाळीस दिवसांच्या. उपास म्हणून त्यांनी गोळ्याही सोडल्या होत्या. मी, घरातली नर्स, समोर बसून जेवत होते आणि मला पत्ता नव्हता. मी पट्ट्या हातात घेऊन पलंगाजवळ गेले. त्यांनी बघितलं आणि तोंड भिंतीकडे केलं. त्या दिवसानंतर 'देवनी आयकं' हे शब्द त्यांच्या तोंडून आले नाहीत.

ते अजून पाच वर्षं जगले. मी पाचही वर्षं त्यांचं केलं. आम्ही एकमेकांना माफ केलं का, मला सांगता येणार नाही. तसं कुणी म्हटलं नाही. शेवटच्या वर्षी त्यांना माझं नाव आठवायचं नाही, मला ते 'सिस्टर' म्हणायचे आणि आभार मानायचे. लेकीचे कधी मानले नव्हते. जानेवारीत एका थंड पहाटे ते गेले, मी कूस बदलत असताना.

मंडळीत मात्र माझी कथा झाली. स्वतःची योजना सोडून देवाची योजना स्वीकारणारी सुवार्ता. दर उन्हाळ्यात तरुणांचं शिबिर भरतं, पाळकसाहेब मला उभं करतात, मी साक्ष देते. मस्कत, आरसा, सेवा, शांती. पेल्याशिवाय, टॉवेलाशिवाय. ऐकताना आया डोळे पुसतात. मी खाली बसते तेव्हा माझ्या तोंडाला तीच कोरड असते.

ह्या एप्रिलमध्ये शिबिराच्या आधीच पाळकसाहेबांनी एका मुलीला माझ्याकडे पाठवलं. आशा तिचं नाव, आबांच्याच भागातली, शिंदखेड्याजवळच्या खेड्यातून आलेली. नर्सिंग झालंय, पुण्याच्या दवाखान्यात जागा मिळाली आहे. बापाची नजर गेल्या वर्षी अधू झाली. पाळकसाहेब तिला म्हणाले होते, "सुवार्ताताईंची साक्ष ऐक, मग ठरव." ठरव म्हणजे काय ठरव, ते तिला आणि मला दोघींना कळलं होतं.

कूलर चालू होता. मी तिला सरबत दिलं आणि सगळं सांगितलं. ह्या वेळी सगळं. प्लॅटफॉर्मवरची प्रार्थनासुद्धा. सरबताचा ग्लास तिनं तसाच धरून ठेवला होता.

मग म्हणाली, "म्हणजे ते सगळं खोटं असतं, मावशी? देवाची योजना वगैरे?"

"नाही," मी म्हटलं. "मी आजही विश्वास ठेवते. तेव्हापेक्षा जास्त. आबांनी मागितलं ते घडलं, त्यात देव होता की त्या गोळ्या, मला माहीत नाही. पण मी मागितलं ते घडलं नाही, त्यात तो होता. मला जे हवं होतं ते त्यानं दिलं असतं तर मी आज तुझ्यासमोर बसू शकले नसते. माझी योजना त्यानं एका परक्या बाईच्या हातानं मोडली. त्याच्यावर भरवसा ठेवायला मला तेवढं पुरतं."

"मग मी काय करू? त्याची इच्छा ओळखायची कशी?"

बाहेर रस्त्यावर एक हातगाडी गेली, डांबरात चाकं चिकटून सुटल्याचा आवाज करत. मला सुचलं ते उत्तर देवाबद्दलचं नव्हतं.

"ते मला येत नाही," मी म्हटलं. "तू आधी घरी जा. बापाजवळ बस आणि त्याला विचार, तुझ्यासाठी तो देवाजवळ काय मागतो. चर्चमधलं नको. घरातलं विचार."

तिचा चेहरा उतरला. त्या क्षणी मला कळलं की तिला उत्तर माहीत आहे, आणि ते ऐकायची तिला भीती वाटते आहे. तिनं ग्लास खाली ठेवला, ओढणी डोक्यावर घेतली आणि चारची बस पकडायला त्या उन्हात निघाली.